लाल रेघांचा हिशेब

'टेक्निकल रायटर म्हणजे नक्की काय गं?' हा प्रश्न मला गेली वीसेक वर्षं लग्नकार्यात, हळदीकुंकवाला आणि सोसायटीच्या जिन्यातही विचारला जातो. कुणाला वाटतं मी विज्ञानाची पुस्तकं लिहिते, कुणाला वाटतं मी कंपनीत टायपिंग करते. मग मी सांगते, नवा मिक्सर आणला की खोक्याच्या तळाशी एक पुस्तिका असते ना, जी आपण न वाचता कपाटात टाकतो आणि मिक्सर बिघडला की शोधतो, ती कुणीतरी लिहिलेली असते. तसं काम मी करते. फक्त माझ्या पुस्तिका मिक्सरच्या नसतात. हॉस्पिटलातल्या यंत्रांच्या असतात, आणि त्या नर्सच्या हातात पडतात.

एवढं ऐकल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला, 'मग दिवसभर लिहीतच असतेस?' तर नाही. लिहिण्यात माझा निम्मा वेळही जात नाही. उरलेला सगळा जातो तो लिहिलेल्यावर इतरांनी केलेल्या दुरुस्त्या निस्तरण्यात. या कामाबद्दल कुठे फारसं बोललं जात नाही. शिकवलंही जात नाही. आणि पुस्तिका चांगली होणार की वाईट, हे बरंचसं तिथेच ठरतं.

कसं असतं बघा. साठ पानांचा मसुदा तयार झाला की तो 'रिव्ह्यू'ला जातो. यंत्र डिझाइन करणारे इंजिनीअर, त्याची चाचणी घेणारे, हॉस्पिटलांत जाऊन ते दुरुस्त करणारा सर्व्हिसचा माणूस, नियम आणि परवानग्या बघणारी मैत्रीण आणि मार्केटिंगवाले अशा पाच जणांच्या हाताखालून तो जातो. आठवड्यानं परत येतो तेव्हा ओळखू येत नाही. खोडलेल्या ओळी, घुसडलेली वाक्यं, समासात टिपांची गर्दी. एकानं लिहिलेलं असतं, 'फारच त्रोटक, सविस्तर लिहा.' त्याच वाक्यावर दुसऱ्याची टीप, 'हे कशाला? काढून टाका.' आमटी चाखून एकानं 'मीठ कमी' म्हणावं आणि दुसऱ्यानं 'खारट झालीय', तसंच. दोघांचंही मन राखायला गेलं की आमटीचं काय होतं, ते मी सांगायला नको.

मी नोकरीला लागले तेव्हा बरेचजण छापील प्रतीवरच पेन चालवत. कुणी लाल, कुणी हिरवं. अक्षर लागलं नाही की त्या माणसाच्या टेबलापाशी जाऊन विचारावं लागे. पुढे सगळ्यांना वर्डमधल्या 'ट्रॅक चेंजेस'ची सवय झाली. कुणी काय खोडलं, काय घातलं, कधी घातलं ते प्रत्येकाच्या वेगळ्या रंगात दिसायला लागलं. वाटलं, सुटलो! पण झालं भलतंच. पाच जणांना पाच मेल गेल्या की फाइलच्या पाच प्रती तयार होत. मग 'फायनल', 'फायनल २', 'फायनल नक्की', 'फायनल नक्की सोमवारची' अशी नावं. त्यातली खरी शेवटची कुठली, हे शोधण्यात अर्धा दिवस जाई. आता सगळ्यांनी एकाच ऑनलाइन प्रतीवर सूचना लिहायची सोय आहे, आणि ती मोठीच सोय आहे. तरी कुणीतरी एखादा फाइल उतरवून घेतो, आपल्या लॅपटॉपवर दुरुस्त्या करतो आणि रात्री अकराला मेल करतो. तो मनुष्य प्रत्येक ऑफिसात असतोच.

या सगळ्यातून माझ्या काही सवयी तयार झाल्या. त्या इथे सांगते, कारण लिखाणावर चारजणांचे हात फिरतात अशा कुठल्याही कामात त्या उपयोगी पडतात.

पहिली सवय, मसुदा पाठवतानाच प्रत्येकाला सांगायचं की तुम्ही नेमकं काय बघायचंय. नुसतं 'प्लीज रिव्ह्यू' लिहिलं की इंजिनीअर स्वल्पविराम दुरुस्त करत बसतात आणि ज्या पानावरचा बॅटरीचा आकडा फक्त त्यांनाच ठाऊक असतो, ते पान तसंच राहतं. म्हणून मी लिहिते, 'सर, पान १२ ते १८ मधले आकडे तुम्ही तपासा. भाषेकडे बघू नका, ती माझ्याकडे.' दुसरी, प्रत एकच आणि तिच्यावर क्रमांक आणि तारीख. 'फायनल' हा शब्द फाइलच्या नावात घालायचाच नाही. तिसरी, आलेल्या दुरुस्त्यांच्या तीन राशी करायच्या. पहिली राशी वस्तुस्थितीची, म्हणजे आकडा, बटणाचं नाव, कृतीचा क्रम. दुसरी भाषेची. तिसरी निव्वळ आवडीनिवडीची. पहिल्या राशीतली एकही दुरुस्ती पडताळल्याशिवाय सोडायची नाही. तिसऱ्या राशीवर वेळ घालवायचा नाही.

दुसऱ्या राशीसाठी मात्र नियम आधी ठरलेले असावे लागतात, नाहीतर वादाला अंत नसतो. विमानांच्या देखभालीच्या पुस्तिकांसाठी 'सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश' नावाची एक शिस्त आहे. तिच्यात कृती सांगणारं वाक्य २० शब्दांपेक्षा मोठं चालत नाही. आमच्या यंत्रांना ती लागू नाही, पण हा नियम आम्ही उचलला. तेव्हापासून 'मला हे वाक्य असं आवडतं' असं कुणी म्हणालं की मी शब्द मोजते. वाद संपतो.

चौथी सवय म्हणजे माझी वही. खरं तर ती संगणकावरचा तक्ता आहे, पण मी तिला वहीच म्हणते. घरखर्चाची असते तशी. दुरुस्ती कुणाची, कुठल्या पानावर, स्वीकारली की नाही आणि का. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. नाकारलेल्या दुरुस्तीपुढे कारण हवंच, आणि ते त्या माणसाला कळवायचं. आपण दिलेली सूचना वाचलीच गेली नाही असं वाटलं की माणूस पुढच्या वेळी मन लावून वाचत नाही. 'तुमचं घेतलं नाही, कारण असं' एवढं सांगितलं की तो बहुधा रागवत नाही. निदान पुढच्या वेळी वाचतो तरी.

दुरुस्त्या म्हणजे नुसती कटकट, असं मात्र मुळीच नाही. एकदा आमच्या सर्व्हिसच्या मुलानं समासात एकच ओळ लिहिली होती, 'सिस्टर लोक हा पॅनेल स्पिरिटने पुसतात, अक्षरं उडतात.' डिझाइनच्या कागदांत हे कुठेच नव्हतं. ऑफिसात बसून ते कुणाला कळणारही नव्हतं. तालुक्याच्या गावातल्या हॉस्पिटलांत पाय झिजवणाऱ्यालाच ते ठाऊक. त्या एका ओळीमुळे पुस्तिकेत यंत्र कशानं पुसायचं आणि कशानं नाही, याचं एक अख्खं पान वाढलं. तेव्हापासून सगळ्यात तोडक्यामोडक्या इंग्रजीतली टीप मी सगळ्यात आधी वाचते.

उलट टोकाचा अनुभव मार्केटिंगचा. यंत्र परदेशीही जाणार होतं. पुस्तिकेत 'डेंजर' आणि 'वॉर्निंग' असे शब्द ठळक चौकटीत होते. 'एवढे भीतीदायक शब्द नकोत, गिऱ्हाईक बिचकतं,' म्हणून त्यांनी सगळीकडे 'नोट' करून टाकलं. आता हे शब्द काही माझ्या मर्जीचे नव्हते. अमेरिकेतल्या एएनएसआय झेड ५३५ या मानकांत त्यांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच, तिथे 'डेंजर'. होऊ शकते, तिथे 'वॉर्निंग'. किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते, तिथे 'कॉशन'. माणसाला इजा नाही, पण वस्तूचं नुकसान होऊ शकतं, तिथे 'नोटिस'. यातला शब्द एक पायरी खाली आणणं म्हणजे वाचणाऱ्याला खोटं सांगणं. मी मानकाचं ते पान जोडून दुरुस्ती परत पाठवली. त्यावर वाद झाला नाही, कारण वाद माझ्याशी नव्हताच.

पण सगळ्याच वेळी असं मानक हाताशी नसतं. एक प्रसंग सांगते. कंपनीचं नाव नको, बरीच वर्षं झाली त्याला. सिरिंज पंपाची पुस्तिका होती. सिरिंजमधलं औषध तासाला इतके मिलिलिटर अशा ठरावीक वेगानं रोग्याच्या शिरेत सोडणारं हे यंत्र. पुस्तिकेसोबत एक छोटं कार्ड होतं, पंपाला अडकवून ठेवायचं. त्यावर वेगाचा तक्ता. ०.५, २.५, ५, १० असे आकडे. रिव्ह्यूहून कार्ड आलं तेव्हा आमच्या सगळ्यात ज्येष्ठ इंजिनीअर साहेबांनी तक्ता 'एकसारखा' केला होता. ५ चं ५.० आणि १० चं १०.० झालं होतं. दिसायला खरंच सुबक. सगळे बिंदू एकाखाली एक.

मी ती दुरुस्ती नाकारली आणि वहीत कारण लिहिलं, 'बिंदू दिसला नाही तर ५.० चे ५० होतात.'

साहेबांचा फोन आला. "मॅडम, तुम्ही भाषा बघा. आकडे आमच्याकडे राहू द्या." आवाज चढलेला नव्हता, पण मुद्दा स्पष्ट होता. आणि त्यांचं म्हणणं निराधारही नव्हतं. इंजिनीअरच्या जगात ५ आणि ५.० या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ५.० म्हणजे एक-दशांशापर्यंत मोजून पाहिलेलं ५. तो शून्य त्यांच्यासाठी शोभेचा नव्हता, तो अचूकतेची खूण होता. ड्रॉइंगवर तो हवाच. पण हे कार्ड ड्रॉइंग नव्हतं. ते रात्री तीन वाजता, मिणमिणत्या दिव्यात, चार रोगी सांभाळणारी एखादी सिस्टर वाचणार होती. आणि तिच्यासाठी ५ मिलिलिटर आणि ५० मिलिलिटर यांत एका माणसाचा जीव होता.

ही भीती माझ्या मनची नव्हती. अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या 'जॉइंट कमिशन' या संस्थेनं २००४ मध्ये औषधांच्या नोंदींत काय लिहू नये, याची यादी केली. तिच्यात हे आहे. पूर्ण आकड्यापुढे बिंदू-शून्य लिहू नका, ५.० नको, ५ लिहा. आणि बिंदूच्या आधीचं शून्य गाळू नका, .५ नको, ०.५ लिहा. 'युनिट'साठी नुसतं इंग्रजी 'यू' अक्षरही लिहू नका, कारण ते शून्यासारखं वाचलं जातं. गंमत म्हणजे त्याच यादीत साहेबांच्या बाजूचाही अपवाद आहे. प्रयोगशाळेच्या अहवालासारख्या ठिकाणी, जिथे अचूकता दाखवायची असते, तिथे ते शून्य चालतं. म्हणजे दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो. प्रश्न एवढाच होता की हे कार्ड कुणाच्या जागी उभं राहून वाचायचं.

मी यादी पाठवली. उत्तर आलं नाही. मग मी एक साधी गोष्ट केली. आमच्या सर्व्हिसच्या मुलांकडून ऐकलं होतं की हॉस्पिटलात मूळ कार्ड फाटलं की त्याची झेरॉक्स काढून लावतात, ती फाटली की झेरॉक्सची झेरॉक्स. मी साहेबांनी दुरुस्त केलेल्या कार्डाची झेरॉक्स काढली, तिची पुन्हा, असं पाच वेळा केलं आणि शेवटचा कागद मीटिंगमध्ये टेबलावर ठेवला. काही ओळींत बिंदू होता, काही ओळींत नुसता ठिपक्याचा भास, आणि एका ओळीत स्वच्छ ५०.

साहेबांनी कागद उचलून चष्मा वर करून पाहिला. मग खाली ठेवला आणि म्हणाले, "शून्यं काढा." थोडं थांबून पुढे म्हणाले, "आणि पंपाच्या पडद्यावर काय दिसतं, ते एकदा बघून घ्या." पडद्यावर ५ असंच दिसत होतं. पण ते तपासायला हवं, हे त्यांनाच सुचलं. पुढे आम्ही बरीच वर्षं एकत्र काम केलं, आणि माझ्या मसुद्यावर सगळ्यात बारीक नजर त्यांचीच असे.

त्या मीटिंगबद्दल एक सांगायलाच हवं. रिव्ह्यूच्या बैठका बहुतेक वेळा भरकटतात. आयबीएममधल्या मायकेल फेगन यांनी १९७६ मध्ये सॉफ्टवेअरचं डिझाइन आणि कोड तपासण्याची एक पद्धत मांडली. तिच्यातल्या दोन गोष्टी मला फार आवडतात. एक म्हणजे ज्यानं लिहिलं त्यानं बैठक चालवायची नाही, ती तिसऱ्यानं चालवायची. दुसरी, बैठकीत चुका फक्त शोधायच्या, त्यावर उपाय काढत बसायचं नाही. आम्ही ते आमच्यापुरतं वापरतो. ज्या दुरुस्त्यांवर दोघांचं पटत नाही, तेवढ्याच बैठकीत आणतो. एरवी तास जाणाऱ्या बैठका वीस मिनिटांत उरकतात.

आता थोडं आपल्या बायकांबद्दल. मी ज्या ज्या ठिकाणी काम केलं, तिथे या कामात मुली बऱ्याच होत्या. 'तुमचं इंग्रजी चांगलं आहे, जरा नजर टाका' असं म्हणून काम सुरू होतं आणि सगळा दस्तऐवज कधी आपल्या गळ्यात पडतो ते कळतही नाही. नव्यानं आलेल्या एका मुलीचा मसुदा पहिल्यांदा लालभडक होऊन परत आला, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "मॅम, सगळं झालं." इतक्या लवकर कसं, म्हणून पाहिलं, तर तिनं 'अ‍ॅक्सेप्ट ऑल'चं बटण दाबलं होतं. सगळ्यांच्या सगळ्या दुरुस्त्या एका फटक्यात मान्य! एकमेकांना छेद देणाऱ्यासुद्धा. मी तिला विचारलं, "अगं, तुला स्वतःला यातल्या किती पटल्या?" म्हणाली, "मोठ्या माणसांना नाही कसं म्हणायचं?"

मला तिचा राग आला नाही. तिला घडवलंच तसं होतं, आपल्यातल्या बऱ्याचजणींना घडवलंय तसं. कुणी काही सुचवलं की मान डोलवायची, वाद नको, घरात शांतता हवी. 'अ‍ॅक्सेप्ट ऑल' हे बटण संगणकावर यायच्या आधीपासून आपल्या अंगात आहे. घरात त्यानं कधी निभतही असेल. कागदावर मात्र ते निभत नाही. सगळ्यांना हो म्हटलं की पुस्तिकेची जबाबदारी कुणाचीच राहत नाही, आणि जिच्यासाठी पुस्तिका असते ती सिस्टर तर बैठकीला कधीच नसते. तिच्या वतीनं तिथे कुणी बसलेलं असेल, तर ते लिहिणाऱ्या बाईनं. मी त्या मुलीसोबत पहिल्या पानापासून बसले. प्रत्येक दुरुस्तीला एकच प्रश्न, 'यानं वाचणारीचं काम सोपं होतं का?' उत्तर हो, तर घे. नाही, तर कारण लिही आणि सोड. चार दिवस लागले, पण नंतर तिला माझी गरज लागली नाही.

मराठी पुस्तिकांचा तर वेगळाच मासला. एका यंत्राचं मराठी कार्ड आम्ही वॉर्डातल्या मावशींसाठी केलं होतं. मी लिहिलं होतं, 'नळी घट्ट बसवा.' परत आलं, 'नलिका दृढपणे संलग्न करावी.' शुद्ध मराठी हवी ना! शब्दांचं ओझं एकवेळ सोडून द्या, खरी अडचण 'करावी'ची. मराठीत 'करावे' म्हणजे 'केलंत तर बरं' की 'केलंच पाहिजे', ते वाक्यावरून कळत नाही. इंटरनेटचे तांत्रिक नियम लिहिणाऱ्यांनी यासाठी १९९७ मध्ये एक छोटा दस्तऐवजच काढला, 'आरएफसी २११९'. 'मस्ट' म्हणजे सक्ती, 'शुड' म्हणजे सबळ कारण नसेल तर कराच, 'मे' म्हणजे मर्जी. आम्हीही मराठीसाठी तसंच ठरवलं. सक्ती असेल तिथे 'करा', मर्जी असेल तिथे 'करू शकता', आणि 'करावे' बंद. कार्ड वॉर्डात नेऊन मावशींना वाचायला दिलं. नलिकेपाशी त्या अडखळल्या, नळी त्यांनी लगेच बसवली.

सगळ्या दुरुस्त्या निकालात निघाल्या तरी एक काम उरतं. फाइल बाहेर पाठवण्याआधी आतल्या खाणाखुणा काढायच्या. ऑक्टोबर २००५ मध्ये लेबनॉनचे माजी पंतप्रधान रफिक हरिरी यांच्या हत्येच्या चौकशीचा संयुक्त राष्ट्रांचा अहवाल आला. त्याच्या संगणकावरच्या प्रतीत आधी लिहून नंतर वगळलेली नावं दिसत होती, कारण फाइलमध्ये बदलांची नोंद तशीच राहिली होती. जगभर गाजलं ते. म्हणून शेवटी मी स्वच्छ पीडीएफ पाठवते. दुरुस्त्यांची प्रत आणि वही मात्र जपून ठेवते. दोन वर्षांनी कुणी 'हे असं का लिहिलं?' विचारलं, तर उत्तर तिथेच सापडतं.

आता तर एआय आलाय. मसुदा टाकला की क्षणात पन्नास सुधारणा सुचवतो, त्यातल्या काही खरंच चांगल्या असतात. पण त्याची दुरुस्तीही मी वहीत तशीच लिहिते. कुणाची, का, आणि घेतली की नाही. तक्ता सुबक करायच्या नादात तोही ५ चं ५.० करू शकतो.

मैत्रिणींनो, तुमच्यातल्या सगळ्याच काही यंत्रांच्या पुस्तिका लिहीत नाहीत. पण बचत गटाचा प्रकल्प अहवाल, सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त, शाळेची नियमावली, यातलं काहीतरी तुमच्या हातून जातच असेल, आणि त्यावर चारजण चार रंगांत लिहीत असतील. पुढच्या वेळी तो कागद आला की एक तक्ता आखा. कोण, काय, घेतलं की नाही, का. आणि शेवटचा रकाना रिकामा ठेवू नका.